नावाचा रकाना

फॉर्म जवळजवळ भरून झाला होता. आधार, पॅन, पासबुकाचं पहिलं पान, वीजबिल, घराच्या उताऱ्याची झेरॉक्स, सगळं लागलं होतं. रिकामा राहिला होता तो एकच रकाना, आस्थापनेच्या नावाचा. आषाढातली दुपार. कोल्हापुरात शाहूपुरीत, लोकांचे लायसन-जीएसटीचे कागद करून देणाऱ्या माझ्या एका खोलीच्या ऑफिसात दारामागे ओल्या छत्र्या टेकवलेल्या, टेबलापलीकडे आई आणि मुलगा. कसबा बावड्यात राहतात. मुलगा शिरोलीला एका कारखान्यात सीएनसी मशीनवर आहे. आई वर्षानुवर्षं गल्लीतल्या लोकांना कांदा-लसूण चटणी करून देते. आता तीच पिशव्यांत भरून दुकानात ठेवायची होती, आणि फूड लायसनच्या चौदा आकडी नंबराशिवाय दुकानदार पिशवी ठेवून घेत नाहीत. नमुना म्हणून त्यांनी एक पुडी आणली होती. आत वर्तमानपत्र, बाहेरून प्लास्टिक, वरून रबर. एवढं करूनही तेल फुटलंच. फॉर्मच्या कोपऱ्यावर नारिंगी डाग पडला आणि खोलीत भाजलेल्या खोबऱ्याचा, लसणाचा असा वास भरला की शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं दारातून डोकावून विचारलं, "मॅडम, जेवण आलं काय?"

"लिहा मॅडम," मुलगा म्हणाला, "आईचंच नाव लिहा. आणि पुढं 'घरगुती चटणी'."

"माझं नाव नको," आई म्हणाली.

"का गं?"

"लोक चटणी डब्यात ओतून घेत्यात आणि पिशवी कुठंबी टाकत्यात. गटारात जाती, पायाखाली येती. त्येच्यावर माझं नाव कशाला?"

मुलगा हसला. मीही माझ्या परीनं समजावलं, हल्ली किती बायका स्वतःच्या नावानं धंदा करतात वगैरे. तिनं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि जागची हलली नाही. "नावाचं मागनं सांगतो," म्हणाली आणि पदर सावरत उठली. (आमच्याकडच्या बायका 'सांगतो', 'जातो' असंच म्हणतात.) मी त्या रकान्यापुढे पेन्सिलीनं खूण केली आणि फाइल बाजूला ठेवली. पण ते वाक्य काही बाजूला पडेना. अमुकच नाव का ठेवलं याची कारणं मी या खुर्चीत बसून पुष्कळ ऐकली आहेत. नाव का ठेवायचं नाही याचं इतकं रोखठोक कारण पहिल्यांदाच ऐकत होते. तिची इच्छा ती. म्हणून तिचं नाव याही लेखात येणार नाही.

एकट्याच्या मालकीचा धंदा असेल तर जीएसटीच्या पोर्टलवर दोन नावं असतात. एक लीगल नेम. ते पॅनवरून आपोआप उचललं जातं, त्यात कुणाचं काही चालत नाही. दुसरं ट्रेड नेम, ते मालकानं सांगायचं. भांडवल किती, जागा भाड्याची का स्वतःची, माल कुठून येतो, याची उत्तरं धडाधड देणारी माणसं या दुसऱ्या नावापाशी येऊन थांबतात. छताकडे बघतात. घरी फोन लावतात. एकानं तर "अर्ध्या तासात आलो" म्हणून थेट देवळाची वाट धरली आणि अंगारा लावूनच परतला. नाव गिऱ्हाइकासाठी असतं असं आपण समजतो. मार्केटिंग शिकवणारेही तसंच सांगतात: सोपं हवं, लक्षात राहणारं हवं, वेगळं हवं. माझ्या टेबलावर मात्र गिऱ्हाइकाचा विचार शेवटी येतो, आला तर.

सगळ्यांत आधी देव येतात. कोल्हापूरच असल्यामुळे पहिला मान अंबाबाईचा, मग जोतिबाचा. पेढे, पाइप, सिमेंट, ब्यूटी पार्लर, ट्रान्सपोर्ट, सगळ्यांच्या डोक्यावर 'श्री महालक्ष्मी'. पोर्टलला एकाच नावाचे कितीही धंदे चालतात, त्यामुळे गोंधळ होतो तो फक्त माझ्या कपाटात. तिथे 'महालक्ष्मी पाइपवाले', 'महालक्ष्मी पेढेवाले' अशा चिठ्ठ्या लावून मी निभावते. वेगळेपणाच्या दृष्टीनं पाहिलं तर हे नाव ठेवून काहीच साधत नाही. पण वेगळं दिसायचंय कुणाला? एका जुन्या व्यापाऱ्याला मी विचारलं होतं, की रस्त्यावर तुमच्याच नावाची इतकी दुकानं, तुम्हाला अडचण होत नाही का? तो म्हणाला, "देवीचं नाव वर असलं की खोटं बोलताना जीभ अडखळती." मग जरा थांबून स्वतःच म्हणाला, "अडखळती. थांबत न्हाई."

देवाचं नाव कुठे चालत नाही, हे मात्र न सांगता सगळ्यांना कळतं. चपलेच्या दुकानाच्या पाटीवर देव चालतो. चपलेच्या आतल्या शिक्क्यात, जिथे टाच टेकते तिथे, चालत नाही. लहानपणी दिवाळीत लक्ष्मीचं चित्र असलेला फटाका वाजवला की आजी कानशिलात द्यायची. उदबत्तीच्या पुड्यावरचं देवाचं चित्र कात्रीनं कापून बाजूला ठेवणारी माणसं मी पाहिलीयत, आणि अशा चित्रांचा गठ्ठा साठला की त्याचं करायचं काय, हा त्यांना पडलेला प्रश्नही पाहिलाय. कायद्याच्या भाषेत हे सगळं वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेलं आहे. 'रामायण' हे नाव उदबत्तीसाठी कुणा एकाच्या मालकीचं होऊ शकत नाही, असं सुप्रीम कोर्टानं 2015 मध्ये सांगितलं. शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र 1950 च्या बोधचिन्ह व नावांच्या कायद्याच्या परिशिष्टातच आहे, धंद्यासाठी वाटेल तसं वापरता येत नाही. आपल्या राज्यानं 2022 मध्ये दुकानांच्या पाट्या मराठीत करायला लावल्या, तेव्हा दारू विकणाऱ्या जागांना थोर व्यक्तींची आणि किल्ल्यांची नावं देता येणार नाहीत, हेही त्यातच घातलं. आणि संभाजी महाराजांचं नाव कित्येक वर्षं बिडीच्या बंडलावर होतं. बंडल संपलं की कागद रस्त्यावर. लोकांनी आवाज उठवल्यावर त्या कंपनीनं 2021 च्या सुमारास बिडीचं नाव बदललं. आंदोलनवाले, कोर्ट, विधिमंडळ यांनी मिळून जो मुद्दा एवढ्या खटपटीनं मांडला, तोच बावड्याच्या त्या बाईनं माझ्या टेबलावर एका वाक्यात मांडला होता. फरक एवढाच, की तो तिनं महाराजांसाठी किंवा देवीसाठी मांडला नव्हता, स्वतःसाठी मांडला होता. यात अभिमान होता की संकोच, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही. अजूनही नीटसं येत नाही.

देवांनंतर राजे. या शहराचा निम्मा नकाशाच राजघराण्यानं भरलेला आहे. राजारामपुरी, शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, ताराबाई पार्क, शालिनी पॅलेस. रिक्षात बसून नुसते पत्ते सांगितले तरी वंशावळ म्हटल्यासारखं होतं. तेव्हा इथल्या पोरांना धंद्याच्या नावात 'शाही', 'राजे', 'रॉयल' हवं वाटणं साहजिकच. फॅब्रिकेशनचं काम सुरू करणारे दोन मित्र भागीदारीपत्र करायला आले आणि 'रॉयल' हे नाव ठरवूनच आले. आता भागीदारी कायदा आहे 1932 चा, आणि त्याच्या 58 व्या कलमात एक गमतीदार यादी आहे: क्राउन, एम्परर, एम्प्रेस, एम्पायर, इम्पीरियल, किंग, क्वीन, रॉयल. यातला शब्द फर्मच्या नावात हवा असेल तर राज्य सरकारची संमती लागते. इंग्रज गेले, पण त्यांच्या राजाची ही मक्तेदारी कलमात तशीच राहून गेली. मी हे समजावून सांगितल्यावर त्यातला एक खुर्चीतून पुढे झाला आणि म्हणाला, "म्हणजे बघा, राजा आमचा, गादी आमची, आणि परवानगी मुंबईची?" मला उत्तर देता आलं नाही. एकट्याच्या धंद्याला हे कलम लागत नाही, त्यामुळे शहरातल्या रॉयल बेकऱ्या आणि रॉयल सलूनं निवांत आहेत. अडलं ते या दोघांचं. शेवटी दोघांनी आपापल्या आजोबांची नावं एकापुढे एक ठेवून जोडली. कुणाचे आजोबा आधी, यावर मात्र चहाचे दोन राउंड झाले.

पण खरी गुंतागुंत असते ती घरातल्या नावांची.

उद्यमनगरात एक लेथवाले आहेत. पहिली मुलगी झाली त्याच वर्षी त्यांनी स्वतःचं वर्कशॉप टाकलं आणि मुलीचंच नाव दिलं. चार-पाच वर्षांनी मुलगा झाला. लगेच त्यांच्या आईनं धोशा लावला, आता वंशाचा दिवा आलाय, पाटीवर त्याचं नाव घाल. निदान दोन्ही नावांची आद्याक्षरं घालून काहीतरी कर. आमच्याकडे अशी अर्ध्या-अर्ध्या नावांची सांधलेली नावं पुष्कळ आहेत, ऐकताना औषधाच्या गोळीचं नाव वाटतं. हे गृहस्थ एके दिवशी माझ्या ऑफिसात आले, दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाले, "मॅडम, आईला फोन लावून देतो. तिला तेवढं सांगा, नाव बदलायला लई खर्च हाय, लई भानगडी हायत." मी विचारलं, "तुम्हाला बदलायचं नाही का?" तर म्हणाले, "पोरगीला वाचता येतंय आता. रोज शाळेतनं येताना पाटी वाचती." मी फोन घेतला. जीएसटी, बँकेचं करंट खातं, उद्यम नोंदणी, शॉप ॲक्ट, मोठ्या कारखान्यांतले व्हेंडर कोड, लेटरहेड, शिक्के, बिलबुकं, अशी यादी मी आजींना ऐकवली की त्या माउलीनं "ऱ्हाऊ दे बाई, हाय ते बरं हाय" म्हणून फोन ठेवला. एकही गोष्ट खोटी सांगितली नव्हती. फक्त यातलं बरंचसं ऑनलाइन अर्ज करून, थोडा धीर धरून होतं, एवढं सांगायचं ठेवलं. सरकारी कागदांचा असा चांगला उपयोग माझ्या हातून फार वेळा होत नाही.

भावाभावांचं आणखी निराळं. 'ब्रदर्स' असं लिहिलेल्या पाट्यांपैकी किती ठिकाणी आज भाऊ एकत्र आहेत, हे कुणी मोजायला जाऊ नये. वाटणीत दुकान एकाला जातं, गोडाऊन दुसऱ्याला. नाव मात्र दोघांनाही हवं असतं. मग एक 'जुने' होतो, दुसरा 'ओरिजिनल'. तिसरा असला तर 'आमची कोठेही शाखा नाही' असं ठळक लिहितो. ती ओळ गिऱ्हाइकासाठी आहे असं मला अनेक वर्षं वाटायचं. मग अशाच एका घराचे कागद करता करता कळलं, की तो भावाला लिहिलेला निरोप आहे, पोस्टाचा खर्च न करता. भाऊ रोज त्याच रस्त्यानं जातो.

एवढं करून गिऱ्हाईक ते नाव घेतं का? बहुतेक वेळा नाहीच. गाव स्वतःला हवं ते नाव ठेवतं. मिसळीचंच बघा. कोल्हापुरात मिसळ खायला जाणारा माणूस फडतरे म्हणेल, चोरगे म्हणेल, बावडा म्हणेल. आडनाव नाहीतर ठिकाण, संपलं. 'फूड्स' नाही, 'हाउस' नाही, 'द' तर नाहीच नाही. सिनेमा इथे आणणाऱ्या बाबूरावांचं आडनाव मेस्त्री होतं. पडदे रंगवले, गावानं त्यांना पेंटर केलं आणि इतिहासातही ते पेंटर म्हणूनच गेले. चपलांचं तसंच. कापशी, कुरुंदवाडी ही गावांवरून पडलेली नावं, पण दुकानात तुम्ही "कापशी दाखवा" म्हणता तेव्हा ती चपलेची जात असते. ज्या कारागिरानं पहिल्यांदा त्या घाटाची वहाण बांधली त्याचं नाव कुठेच नाही. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, तेही महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. नाव आमच्या शहराचं, हक्क आठ जिल्ह्यांचा. यावर कुरकुर करणारे आहेत, पण अथणी-निपाणीकडचे हात मोजले तर कुरकुरीत फारसा दम नाही. गेल्या वर्षी, 2025 च्या जूनमध्ये, प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये हुबेहूब तसल्याच चपला दाखवल्या आणि नाव घेतलं नाही, तेव्हा चप्पल लाइनीपासून मुंबईपर्यंत सगळे खवळले. नंतर त्यांनी मान्य केलं, की हो, प्रेरणा भारतीय हस्तकलेची आहे. मला त्या गदारोळात एका गोष्टीची मौज वाटली. चपला नेल्या याचा राग कमी होता. नाव घेतलं नाही याचा जास्त. गुळाचं उलटं. गुळाला 2014 मध्येच मानांकन मिळालं, आणि तिथली तक्रार ही, की नाव सगळे घेतात आणि ढेप भलतीकडची असते.

नव्या पोरांची तऱ्हा अर्थातच वेगळी. त्यांना आधी इन्स्टाग्रामचं हँडल मिळतंय का ते बघायचं असतं, धंदा मागून. कुणी न्यूमरॉलॉजीवाल्याकडून इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक जादा 'ए' घालून आणतं. कुणाला 'नाद खुळा' हवं असतं, कुणाला 'लय भारी', कुणाला 'रांगडा'. बोलताना मलाही गोड लागतात हे शब्द, पाटीवर मात्र लवकर शिळे होतात असं माझं मत आहे. पन्नाशीच्या माणसानं गल्ल्यावर बसून 'नाद खुळा'चं बिल फाडताना कसं वाटेल, याचा विचार पंचविशीत कोण करतो? माझ्या भाच्यानं केकच्या धंद्याला फ्रेंच वाटेल असं काहीतरी नाव दिलंय. त्याची आजी त्याचा उच्चार करू शकत नाही. ती म्हणते, "आमच्या बाळ्याचा केक." राजारामपुरीतल्या चार गल्ल्यांत तो त्याच नावानं विकला जातो.

तर ती चटणी. श्रावण लागायच्या आधी ती बाई एकटीच आली. लक्ष्मीपुरीत मिरचीचा दर बघायला आली होती, हातात दोन वेगवेगळ्या मिरच्यांचे नमुने कागदात बांधलेले. मुलगा सोबत नसल्यामुळे असेल, मोकळी बोलली. म्हणाली, पोरगा हट्टाला पेटलाय, आईचं नाव झालं पाहिजे म्हणतोय. त्याचा जीव आहे, कळतं तिला. "पर मॅडम, ही चटणी माझ्या आईची. तिकडं गडहिंग्लजच्या बाजूला संकेश्वरी मिरची घालून करायची ती. मी तिच्याजवळ बसून शिकलो. आणि शिकलो तवा माझं नाव दुसरं होतं."

ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीनं नवं नाव लिहितात, टाळ्या वाजतात, पेढा भरवतात. मुलगा पिशवीवर छापायला निघाला होता ते त्या तांदळातलं नाव. तिच्या दृष्टीनं त्या नावाच्या बाईला चटणी आयती मिळाली होती. मी विचारलं, मग माहेरचं घालू या का? तर म्हणाली, ते आता कुणाला ठाऊक आहे? हाक मारणारं माणूस उरलं नाही. मग जरा वेळानं, मिरचीची पुडी सोडून बांधत, "गावाचं घाला. आईच्या गावाचं."

मी लिहिलं. लिहिताना मला थोडं वाईट वाटत होतं, हे कबूल करते. माझ्या कपाटात बायकांच्या नावानं केलेले पुष्कळ धंदे आहेत: कर्जाचं व्याज कमी लागतं, योजना मिळते, म्हणून. कागदावर मालकीण बायको, पाटीवर नाव नवऱ्याचं, सही करायला तिला रिक्षानं आणतात आणि सही झाली की रिक्षानं परत. आता 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव घालणं राज्यानं सक्तीचं केलंय. तेही आम्ही कागदावरच करणार, दुसरं काय. तेव्हा खरीखुरी, स्वतःच्या हातानं कमावणारी बाई समोर बसलीय, मुलगा स्वतःहून तिचं नाव लावायला निघालाय, आणि ती नको म्हणतेय. तिचं नाव त्या पिशवीवर यावं ही इच्छा तिच्यापेक्षा माझीच जास्त होती. पण माझ्या समाधानासाठी तिनं आपलं नाव गटारात का सोडावं?

मुलाला पटलं नाही. त्यानं यूट्यूबवर बघून ट्रेडमार्कची तयारी केली होती: मसाल्याचा वर्ग 30, एकट्या माणसाला ऑनलाइन फी साडेचार हजार, मिळालं की दहा वर्षं निर्धास्त. मी सांगितलं, गावाचं नुसतं नाव कुणा एकाला सहसा मिळत नाही, ट्रेडमार्क कायद्याच्या नवव्या कलमावर अडतं. चित्र, अक्षरांची ठेवण, काहीतरी वेगळं जोडावं लागेल. तो आईकडे वळून म्हणाला, "बघ. उद्या दुसऱ्या कुणी त्याच गावाचं नाव टाकून चटणी काढली तर?"

"काढू दे की. गाव काय माझ्या एकटीचं हाय?"

नाव गिऱ्हाइकासाठी नसतंच असं मी म्हणते, तेव्हा माझ्या मनात या शहरातलं एक चहाचं दुकान असतं. ते आता नाही, माझ्या जन्माच्या कितीतरी आधीचं. गंगाराम कांबळे हे शाहू महाराजांच्या पदरचे नोकर. सवर्णांच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना बेदम मारलं गेलं. मारणाऱ्यांना महाराजांनी शिक्षा दिली आणि गंगारामांना नोकरीतून मोकळं करून स्वतःचा धंदा काढायला मदत केली. भाऊसिंगजी रोडवर त्यांनी हॉटेल उघडलं. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार, म्हणून लोक फिरकेनात. तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथे चहा घ्यायचे आणि बरोबरच्या सरदार-दरकदारांनाही घ्यायला लावायचे. ही गोष्ट कोल्हापुरात सगळ्यांना माहीत असते. पाटीवरचं नाव काय होतं, हे मात्र विचारलं तर पुष्कळांना सांगता येत नाही. 'सत्यसुधारक'. धंद्याच्या हिशेबानं पाहिलं तर असं नाव ठेवू नये. आधीच लोक बिचकताहेत, त्यात त्यांना सुधारायची भाषा पाटीवरच. महाराजांचंच नाव दिलं असतं तर आडोसा मिळाला असता, देवाचं दिलं असतं तर निदान कुणी तोंडावर काही बोललं नसतं. त्यांनी दोन्ही केलं नाही. कपबशीला कुणी हात लावो न लावो, रस्त्यानं जाणाऱ्यानं वाचूनच पुढे जायचं. आज एखादा पोरगा असलं नाव घेऊन माझ्यासमोर बसला तर मी त्याला नक्की सांगेन, की अरे, जरा सोपं काहीतरी बघ. आणि त्यानं ऐकू नये.

आमचं स्वतःचं दुकान होतं राजारामपुरीत, किराणा आणि जनरल. त्याला आत्याचं नाव होतं. बाबांनी दुकान टाकलं तेव्हा भांडवल कमी पडलं आणि आत्यानं तिच्या पाटल्या मोडायला दिल्या. पाटल्या नंतर परत केल्या, नाव राहिलं. आत्याचे यजमान यावर बरीच वर्षं नाराज होते, की माझ्या बायकोचं नाव मेव्हण्याच्या दुकानावर कशाला. आत्या काही बोलायची नाही. फक्त माहेरी आली की घरी यायच्या आधी रिक्षा दुकानावरून घ्यायला लावायची. गल्लीतले लोक दुकानाला 'कोपऱ्यावरचं'च म्हणायचे. बाबा गेल्यावर मी आणि भावानं ते विकलं. घेणाऱ्यानं नावासकट मागितलं, करारात 'गुडविल', म्हणजे नावलौकिकाची किंमत, म्हणून वेगळी ओळ आली, तिच्यापुढे रक्कम आली. असल्या ओळी मी इतरांच्या करारात नेहमी घालते. या वेळी ती टाइप करून घेताना आत्याच्या पाटल्यांचं वजन किती होतं हे आठवायचा प्रयत्न करत होते. घरात कुणालाच माहीत नव्हतं.

मागच्या महिन्यात दुकान घेतलेल्या त्याच गृहस्थांचा फोन आला. दुकान मोठं करतायत, बाजूचा गाळा घेतलाय, आणि त्यांच्या सुनेची इच्छा आहे की आता नाव बदलावं. "तुम्हाला विचारल्याशिवाय बरं वाटंना ताई," म्हणाले. कायद्यानं विचारायची काहीच गरज नव्हती; नाव त्यांनी पैसे देऊन घेतलंय, ठेवतील नाहीतर पुसतील. मी विचारलं, नवीन काय ठेवताय? तर म्हणे अजून ठरत नाही, सून एक म्हणते, मुलगा एक म्हणतो, घरात दोन दिवस कुणी कुणाशी नीट बोललेलं नाही. मी म्हटलं, ठरलं की कळवा, जीएसटीत ट्रेड नेमचा बदल लागलीच टाकून देते, आणि पाटी फ्लेक्सवर करू नका, दोन पावसाळ्यांत पांढरी पडते. गंगावेशीकडे एक पेंटर आहेत, अजून ब्रशनं लिहितात. त्यांचा नंबर दिला. ॲडव्हान्स आधी मागतात आणि तारीख पाळत नाहीत, तेही सांगितलं.